गर्टी कोरी

गर्टी थेरेसा कोरी (माहेरचे आडनाव राडनिट्झ, जन्म: १५ ऑगस्ट १८९६, प्राग, मृत्यू: २६ ऑक्टोबर १९५७, ग्लेनडेल, मिझुरी) या ऑस्ट्रिया-हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. शरीरात ग्लायकोजेन कसे मोडते व पुन्हा कसे तयार होते, याच्या शोधाबद्दल त्यांना १९४७ साली पती कार्ल कोरी आणि अर्जेंटिनाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ बेर्नार्दो उसाय यांच्यासह शरीरक्रियाशास्त्र किंवा वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. विज्ञानातील नोबेल मिळवणाऱ्या त्या मेरी क्यूरी व इरेन जोलिओ-क्यूरी यांच्यानंतरच्या तिसऱ्या महिला आणि पहिल्या अमेरिकी महिला होत्या.

गर्टी व कार्ल यांच्या प्रयोगशाळेत फॉस्फोरिलेज हे विकर, म्हणजेच एंझाइम, दोन रूपांत आढळले आणि एका रूपाचे दुसऱ्यात रूपांतर होते हेही दिसून आले. तयार झालेल्या प्रथिनात लहानसा रासायनिक बदल करून पेशी त्याचे काम सुरू किंवा बंद करते, ही आधुनिक जीवशास्त्रातील मूलभूत संकल्पना याच निरीक्षणाचा माग काढताना पुढे आली. स्नायूंतील साखरेच्या वापरापासून ते यीस्टमधील डीएनए-दुरुस्तीपर्यंत अनेक प्रक्रियांचे नियमन या पद्धतीने होते.

बालपण व शिक्षण

गर्टी यांचा जन्म प्राग येथील एका ज्यू कुटुंबात झाला. तीन बहिणींत त्या थोरल्या. वडील ओटो राडनिट्झ हे रसायनशास्त्रज्ञ होते. साखर शुद्ध करण्याची एक पद्धत शोधून काढल्यानंतर ते साखर कारखान्यांचे व्यवस्थापक झाले. गर्टी यांचे दहाव्या वर्षापर्यंतचे शिक्षण घरीच झाले व त्यानंतर त्यांना मुलींच्या शाळेत घालण्यात आले. त्या काळी अशा शाळांमधून मुलींना विद्यापीठासाठी तयार केले जात नसे. लॅटिन, गणित, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र या प्रवेशासाठी आवश्यक विषयांचे पुरेसे शिक्षण तेथे मिळत नसे.

सोळाव्या वर्षी गर्टी यांनी वैद्यकीय शिक्षण घेण्याचे ठरवले. बालरोगशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या त्यांच्या मामांनी त्यांना प्रोत्साहन दिले. प्रवेशपरीक्षेसाठी लॅटिनचा आठ वर्षांचा व विज्ञान-गणिताचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करणे आवश्यक होते. गर्टी यांनी तो सुमारे वर्षभरात पूर्ण केला. १९१४ मध्ये परीक्षा उत्तीर्ण होऊन त्यांनी प्रागच्या जर्मन विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत प्रवेश घेतला.

तेथे त्यांची ओळख कार्ल कोरी या सहाध्यायाशी झाली. कार्ल यांचे वडील प्राणिशास्त्रज्ञ होते व त्रिएस्त येथील सागरी जीवशास्त्र केंद्राचे प्रमुख होते. दोघांनाही गिर्यारोहणाची व प्रयोगशाळेतील कामाची आवड होती. पहिल्या महायुद्धात कार्ल यांना ऑस्ट्रियाच्या सैन्यात दाखल व्हावे लागले. युद्ध संपल्यावर ते परतले आणि १९२० मध्ये दोघांनीही वैद्यकीय पदवी मिळवली. त्याच वर्षी मानवी रक्तद्रवावरील त्यांचे पहिले संयुक्त संशोधन प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी व्हिएन्ना येथे त्यांचा विवाह झाला. विवाहापूर्वी गर्टी यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला होता.

व्हिएन्नातील वर्षे व स्थलांतर

विवाहानंतर गर्टी यांनी व्हिएन्नातील एका बालरुग्णालयात काम केले. अवटु ग्रंथीचे विकार व रक्ताचे विकार हे त्यांच्या अभ्यासाचे विषय होते. युद्धोत्तर व्हिएन्नात अन्नाची तीव्र टंचाई होती. रुग्णालयातील निकृष्ट आहारामुळे गर्टी यांना अ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा डोळ्यांचा विकार जडला. प्रागला परतून पुरेसा आहार मिळाल्यावर तो बरा झाला.

कार्ल यांना याच काळात ग्रात्स विद्यापीठात औषधक्रियाशास्त्रज्ञ ओटो लोवी यांच्याबरोबर काम करण्याची संधी मिळाली. मात्र तेथे काम करण्यासाठी त्यांना आपण ज्यू वंशाचे नसल्याचा पुरावा द्यावा लागला. ज्यू कुटुंबात जन्मलेल्या गर्टी यांना अशा वातावरणात भवितव्य नाही, हे दोघांनाही स्पष्ट झाले. १९२२ मध्ये कार्ल यांना अमेरिकेतील न्यू यॉर्क राज्यातील बफेलो येथे, कर्करोगासारख्या रोगांच्या अभ्यासासाठी स्थापन झालेल्या राज्य संस्थेत नोकरी मिळाली. सुमारे सहा महिन्यांनी गर्टी याही साहाय्यक विकृतिशास्त्रज्ञ म्हणून त्याच संस्थेत रुजू झाल्या. १९२८ मध्ये दोघांनी अमेरिकेचे नागरिकत्व स्वीकारले.

बफेलो: कोरी चक्र

बफेलो येथे गर्टी यांनी पतीबरोबर संशोधन करू नये, असा दबाव त्यांच्यावर आणला गेला. नेमून दिलेल्या कामापुरते मर्यादित न राहिल्यास नोकरी जाईल, अशी ताकीदही त्यांना मिळाली. तरीही दोघांनी एकत्र काम सुरूच ठेवले. बफेलोतील नऊ वर्षांत त्यांचे सुमारे ५० संयुक्त शोधनिबंध प्रसिद्ध झाले. याखेरीज गर्टी यांनी ११ निबंध स्वतंत्रपणे लिहिले.

शरीरातील साखरेचे चयापचय हा त्यांचा मुख्य विषय होता. इन्सुलिनचा शोध १९२१-२२ मध्ये लागला होता, पण शरीर साखरेचा साठा व वापर कसा करते याविषयीची माहिती अपुरी होती. खाल्लेल्या साखरेपैकी किती शोषली गेली, किती जळली आणि किती ग्लायकोजेनच्या रूपाने साठवली गेली, याचा काटेकोर हिशेब कोरी दांपत्याने प्राण्यांवरील प्रयोगांतून मांडला. त्यासाठी मोजमापाच्या पद्धतीही त्यांना स्वतःच सुधाराव्या लागल्या.

या कामातून १९२९ मध्ये त्यांनी पुढे कोरी चक्र या नावाने ओळखल्या गेलेल्या चक्राची मांडणी केली. जोरदार हालचालीच्या वेळी स्नायूंतील ग्लायकोजेन मोडून लॅक्टिक आम्ल तयार होते. ते रक्तावाटे यकृताकडे जाते व तेथे त्यापासून पुन्हा ग्लुकोज तयार होते. हे ग्लुकोज रक्तावाटे स्नायूंकडे परत येते व ग्लायकोजेनच्या रूपाने साठवले जाते. स्नायू स्वतः आपले ग्लायकोजेन थेट रक्तातील ग्लुकोजमध्ये बदलू शकत नाही, त्यामुळे यकृताचा हा टप्पा आवश्यक ठरतो.

यानंतर कार्ल यांना अनेक ठिकाणांहून बोलावणी आली, परंतु त्यांपैकी बहुतेकांची गर्टी यांना काम देण्याची तयारी नव्हती. एका विद्यापीठात मुलाखतीच्या वेळी गर्टी यांना बाजूला घेऊन त्या पतीच्या प्रगतीच्या आड येत असल्याचे सुनावण्यात आले. कार्ल यांनी ते पद नाकारले.

सेंट लुइस

१९३१ मध्ये कोरी दांपत्य सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात आले. कार्ल हे औषधक्रियाशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. गर्टी यांची नेमणूक मात्र संशोधन सहकारी या पदावर झाली आणि त्यांचे वेतन कार्ल यांच्या वेतनाच्या सुमारे एक दशांश होते. १९४३ मध्ये त्यांना सहयोगी प्राध्यापकपद मिळाले. पूर्ण प्राध्यापकपद मिळाले ते १९४७ मध्ये, नोबेल पारितोषिक जाहीर होण्याच्या काही महिने आधी. म्हणजे ज्या संशोधनाबद्दल पारितोषिक मिळाले त्याचा महत्त्वाचा भाग त्यांनी दुय्यम पदावर असताना केला होता. १९३६ मध्ये, संशोधन ऐन भरात असताना, त्यांना टॉम हा मुलगा झाला. प्रसूतीच्या अगदी आदल्या दिवसांपर्यंत त्या प्रयोगशाळेत काम करीत होत्या.

कोरी एस्टर व फॉस्फोरिलेज

सेंट लुइसमध्ये दोघांनी आपले लक्ष संपूर्ण प्राण्याकडून पेशीतील एकेका रासायनिक पायरीकडे वळवले. बेडकाचे स्नायू बारीक करून पाण्याने धुतल्यास त्यांतील अनेक विरघळणारे घटक निघून जातात. अशा स्नायूंत फॉस्फेट व अॅडेनिलिक आम्ल मिसळले असता एक अपरिचित संयुग साचते, असे त्यांना आढळले. १९३६ मध्ये हे संयुग ग्लुकोज-१-फॉस्फेट असल्याचे सिद्ध झाले. पुढे ते कोरी एस्टर या नावानेही ओळखले जाऊ लागले. १९३८ मध्ये गर्टी व कार्ल यांनी सिडने कोलोविक यांच्यासह, हेच संयुग सस्तन प्राण्यांच्या ऊतींच्या अर्कांत आणि यीस्टच्या अर्कातही तयार होते, असे दाखवले. स्नायू व यीस्ट यांच्यात साखर हाताळण्याची रीत किती समान आहे, हे त्यावरून दिसून आले.

ग्लायकोजेन मोडणाऱ्या विकराला त्यांनी फॉस्फोरिलेज असे नाव दिले. हे विकर ग्लायकोजेनच्या साखळीच्या टोकाचे ग्लुकोज पाण्याऐवजी फॉस्फेटच्या साहाय्याने सुटे करते. त्यामुळे सुटणाऱ्या ग्लुकोजला फॉस्फेट आधीच जोडलेले असते व ते जोडण्यासाठी पेशीला वेगळी ऊर्जा खर्च करावी लागत नाही. १९३९ मध्ये याच विकराच्या मदतीने ग्लुकोज-१-फॉस्फेटपासून परीक्षानळीत ग्लायकोजेनसारखा मोठा रेणू तयार करण्यात आला. प्रत्यक्ष पेशीत ग्लायकोजेनची निर्मिती वेगळ्या मार्गाने होते, हे लुईस लेलुआर यांनी १९५७ मध्ये दाखवून दिले. फॉस्फोरिलेजचे पेशीतील मुख्य काम ग्लायकोजेन मोडण्याचे आहे, असे त्यातून निश्चित झाले.

एका विकराची दोन रूपे

१९४२-४३ मध्ये आर्डा ग्रीन यांच्या सहकार्याने सशाच्या स्नायूंतील फॉस्फोरिलेज स्फटिकरूपात मिळवण्यात यश आले. त्या वेळी हे विकर दोन रूपांत आढळते, असे लक्षात आले. फॉस्फोरिलेज ए हे रूप अॅडेनिलिक आम्ल नसतानाही काम करते. फॉस्फोरिलेज बी हे रूप अॅडेनिलिक आम्लाशिवाय जवळजवळ निष्क्रिय असते. स्नायूंतच असलेले दुसरे एक विकर ए रूपाचे बी रूपात रूपांतर करते, असेही आढळले.

ए रूपात अॅडेनिलिक आम्ल घट्ट जोडलेले असावे व दुसरे विकर ते काढून टाकत असावे, असे कोरी दांपत्याने अनुमान केले. म्हणून त्यांनी त्या विकराला, जोडलेला गट काढणारे या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून, पीआर असे नाव दिले. परंतु शुद्ध फॉस्फोरिलेज ए-चे विश्लेषण केले असता त्यात अॅडेनिलिक आम्ल सापडले नाही. निरीक्षण पक्के होते, स्पष्टीकरण मात्र लागू पडत नव्हते. १९४५ मध्ये गर्टी यांनी स्नायूला चेतवल्यावर व विश्रांती दिल्यावर त्यातील ए रूपाचे प्रमाण कसे बदलते, याचा स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. दोन रूपांतील हा बदल परीक्षानळीपुरता नसून तो स्नायूच्या कार्याशी निगडित आहे, हे त्यातून पुढे आले.

या कोड्याची उकल त्यांच्याच प्रयोगशाळेत १९४६ ते १९४८ या काळात काम केलेल्या एडविन क्रेब्ज यांनी एडमंड फिशर यांच्यासह सिएटल येथे १९५५ मध्ये केली. बी रूपाचे ए रूपात रूपांतर होताना एटीपी या रेणूतील एक फॉस्फेट प्रथिनालाच जोडले जाते, असे त्यांना आढळले. सुमारे त्याच काळात अर्ल सदरलँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी यकृतातील फॉस्फोरिलेज निष्क्रिय होताना फॉस्फेट बाहेर पडते, असे दाखवले. सदरलँड यांचेही प्रशिक्षण कोरी प्रयोगशाळेत झाले होते. पीआर विकर अॅडेनिलिक आम्ल काढत नव्हते, तर प्रथिनाला जोडलेले फॉस्फेट काढत होते. ही उकल झाली तेव्हा गर्टी हयात होत्या, परंतु त्या गंभीर आजारी होत्या.

आजारपण व अखेरचे संशोधन

१९४७ च्या उन्हाळ्यात कोलोरॅडोमधील पर्वतात गिर्यारोहण करीत असताना गर्टी यांना अस्वस्थ वाटू लागले. तपासणीत अस्थिमज्जेचा असाध्य विकार असल्याचे निदान झाले. या विकारात अस्थिमज्जेच्या जागी तंतुमय ऊती वाढतात व रक्तपेशींची निर्मिती घटत जाते. त्याच वर्षी नोबेल पारितोषिक जाहीर झाले व डिसेंबरमध्ये दोघांनी स्टॉकहोम येथे ते स्वीकारले. पुढील दहा वर्षे गर्टी यांना वारंवार रक्त द्यावे लागत असे. विश्रांतीसाठी त्यांच्या कार्यालयात एक लहान खाट ठेवलेली होती, परंतु काम त्यांनी सोडले नाही.

याच दशकात त्यांनी वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे संशोधन केले. ग्लायकोजेनच्या फांद्या मोडणाऱ्या विकराचा वापर करून त्यांनी त्या रेणूची रचना टप्प्याटप्प्याने उलगडली. मुलांमध्ये यकृतात ग्लायकोजेन साचत जाणारे काही आनुवंशिक रोग ज्ञात होते, पण त्यांचे कारण माहीत नव्हते. १९५२ मध्ये गर्टी व कार्ल यांनी फॉन गीर्के रोगात यकृतातील ग्लुकोज-६-फॉस्फेटेज या विकराचा अभाव असतो, असे दाखवले. एखाद्या आनुवंशिक रोगाचे मूळ एका विशिष्ट विकराच्या अभावात असल्याचे ऊतींच्या प्रत्यक्ष परीक्षणातून सिद्ध करणारे हे आरंभीच्या उदाहरणांपैकी एक होय. दुसऱ्या एका प्रकारात फांद्या मोडणारे विकर नसते, असे त्यांच्या प्रयोगशाळेने दाखवले. हा प्रकार आता कोरी रोग या नावानेही ओळखला जातो. वरवर एकच वाटणारा हा आजार प्रत्यक्षात निरनिराळ्या विकरांच्या अभावामुळे होणाऱ्या अनेक रोगांचा समूह आहे, हे या कामातून स्पष्ट झाले.

२६ ऑक्टोबर १९५७ रोजी राहत्या घरी त्यांचे निधन झाले. कार्ल कोरी यांचे निधन १९८४ मध्ये झाले.

प्रयोगशाळेची परंपरा

कोरी प्रयोगशाळेत काम केलेल्या सहा शास्त्रज्ञांना पुढे नोबेल पारितोषिक मिळाले: सेव्हेरो ओचोआ व आर्थर कॉर्नबर्ग (१९५९), लुईस लेलुआर (१९७०), अर्ल सदरलँड (१९७१), क्रिस्तियान द दूव्ह (१९७४) आणि एडविन क्रेब्ज (१९९२, फिशर यांच्यासह). यांपैकी कॉर्नबर्ग यांनी कोरी प्रयोगशाळेत विकरे शुद्ध करण्याचे शिक्षण घेतले व नंतर वॉशिंग्टन विद्यापीठातच असताना डीएनए तयार करणारे पहिले विकर वेगळे केले. जीवाणूत या विकराचा डीएनएच्या दुरुस्तीत मोठा वाटा असतो, असे पुढील काळात दिसून आले. इतरत्र लिंगभेद किंवा ज्यूद्वेष यांमुळे ज्यांना संधी नाकारली गेली, अशा संशोधकांनाही कोरी दांपत्याने आपल्या प्रयोगशाळेत स्थान दिले.

विकर-नियमनाच्या संकल्पनेचा विस्तार

फॉस्फोरिलेजमध्ये प्रथम दिसलेली नियमनाची ही पद्धत पुढे जवळजवळ सर्व सजीवांत आढळली. तिचे सविस्तर अभ्यासलेले एक उदाहरण म्हणजे पाव बनवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या यीस्टमधील डीएनए-दुरुस्ती. डीएनएला इजा झाल्यावर नवी विकरे तयार होण्याची वाट पाहणे पेशीला परवडत नाही. म्हणून आधीच तयार असलेल्या प्रथिनांत बदल करून ती कामाला लावली जातात.

यीस्टमध्ये इजेची सूचना मिळताच मेक१ हे विकर रॅड५३ या दुसऱ्या विकराला फॉस्फेट जोडून सक्रिय करते आणि रॅड५३ पुढे डन१ या विकराला सक्रिय करते. डीएनएचे घटक तयार करणाऱ्या विकराला एरवी एसएमएल१ हे लहान प्रथिन रोखून धरते. डन१ या प्रथिनाला फॉस्फेट जोडते. त्यानंतर ते नष्ट केले जाते आणि दुरुस्तीसाठी लागणारा कच्चा माल वाढतो. काम संपल्यावर फॉस्फेट काढून टाकणारी विकरे रॅड५३ ला पुन्हा शांत करतात व पेशीविभाजन पूर्ववत सुरू होते. फॉस्फेट जोडणारे एक आणि काढणारे दुसरे विकर, ही जोडी फॉस्फोरिलेजच्या दोन रूपांमागे असलेल्या जोडीसारखीच आहे.

जोडला जाणारा गट नेहमी फॉस्फेटच असतो असे नाही. डीएनएभोवती कड्यासारखे बसणारे पीसीएनए हे प्रथिन याचे उदाहरण आहे. त्याच्या १६४ व्या स्थानावरील लायसिनला युबिक्विटिन हे लहान प्रथिन एकदाच जोडले गेले, तर इजा झालेल्या जागेवरून पुढे जाऊ शकणारी, परंतु चुका होण्याची शक्यता असलेली विकरे तेथे येतात. युबिक्विटिनची साखळी जोडली गेल्यास चुका टाळणारा मार्ग निवडला जातो. त्याच जागी सुमो हे प्रथिन जोडले गेल्यास डीएनएच्या धाग्यांची अनावश्यक अदलाबदल रोखली जाते. यीस्टमधील हे निष्कर्ष २००२ पासून प्रसिद्ध होत गेले. मानवी पेशींतही मेक१ व रॅड५३ यांची समकक्ष विकरे आहेत. त्यांच्या कार्यातील बिघाडाचा कर्करोगाशी संबंध असल्याने या नियमनाच्या अभ्यासाला वैद्यकीय महत्त्व आहे.

सन्मान

१९४८ मध्ये गर्टी यांची अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवड झाली आणि त्याच वर्षी त्यांना अमेरिकन केमिकल सोसायटीचे गार्व्हन पदक मिळाले. १९५० मध्ये राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी त्यांची नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या मंडळावर नेमणूक केली. चंद्रावरील व शुक्रावरील प्रत्येकी एका विवराला त्यांचे नाव देण्यात आले आहे. सेंट लुइस येथील कोरी प्रयोगशाळेला २००४ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक रसायनशास्त्रीय स्थळाचा दर्जा मिळाला. २००८ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. त्यावर कोरी एस्टरची रचना छापण्यात आली होती, मात्र तीत एका बंधाची चूक राहून गेली होती.